ओट्यावर चढणारी मांजरी आणि खिडकीबाहेरची कबुतरं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर तुमच्या लक्षात येईल. विक्रोळीत वन बीएचके, घरात तुम्ही, यजमान आणि सासूबाई. दोन वर्षांची मांजरी, नसबंदी झालेली, घराबाहेर न जाणारी. स्वयंपाक चालू असताना ती ओट्यावर उडी मारते आणि रात्री सगळे झोपल्यावरही तिथेच सापडते. यजमानांनी पाण्याची पिचकारी मारून पाहिली. समोर माणूस असला की उतरते, पाठ वळली की पुन्हा वर. जिथे नैवेद्य होतो तिथे सासूबाईंना मांजराचे पाय नकोत. पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे, म्हणून आजाराची धास्ती. गेल्या आठवड्यात बोलणं ‘देऊन टाका कुणाला तरी’ इथपर्यंत आलं. आणि या सगळ्यात एका कंसात तुम्ही लिहिलंय की ओट्यासमोर खिडकी आहे आणि बाहेरच्या छज्ज्यावर दिवसभर कबुतरं असतात.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ मला ती कंसातलीच वाटली. तिच्याकडे येतेच.

मांजरी देऊन टाकावी लागेल असं मला वाटत नाही. पण ‘ती ओट्यावर कधीच पाय ठेवणार नाही’ असंही वचन मी देणार नाही. माणसं जागी असताना ती वर येत नाही, इतकं दीड-दोन महिन्यांत बहुतेक घरांत जमतं. रात्री दोन वाजता काय होईल, ते तिच्या स्वभावावर आणि रात्री ओट्यावर काय उरलेलं असतं यावर अवलंबून आहे. मी पशुवैद्य आहे. परळच्या महाविद्यालयात शिकले आणि गेली २२ वर्षं मुंबईतच लहान प्राण्यांचा दवाखाना चालवते. ओट्याची ही तक्रार माझ्याकडे महिन्यातून दोन-तीनदा तरी येते. बहुतेकदा लस टोचून झाल्यावर, निघता निघता, ‘डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं’ म्हणून. आणि जवळजवळ प्रत्येक जण एकच विचारतो: हिला ओट्यावरून खाली कसं ठेवू? मी उलट विचारते: ओट्यावर तिची कमाई काय आहे?

मांजर एखाद्या जागी पुन्हा पुन्हा जातं ते तिथे काहीतरी हाती लागतं म्हणून. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली भुकेल्या मांजरांवर केलेले प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहेत. मांजराला फळ्यांच्या खोक्यात कोंडायचं, खाणं बाहेर ठेवायचं, आणि आतून कडी किंवा दोरी ओढली की दार उघडेल अशी सोय करायची. मांजर ओरबाडायचं, ढुशा द्यायचं, आणि त्या धडपडीत कधीतरी कडी सरकायची. पुढच्या खेपेला तीच हालचाल जरा लवकर व्हायची, त्यापुढच्या खेपेला आणखी लवकर. कुणी शिकवलं नव्हतं. हालचालीच्या मागोमाग जे मिळालं त्याने शिकवलं. तुमचा ओटा गेली दोन वर्षं तुमच्या मांजरीला असाच शिकवतो आहे, आणि तो तुमच्यापेक्षा फार नियमित शिक्षक आहे.

ही कमाई साधारण चार प्रकारची असते. पहिली, खाणं, ती सगळ्यांना सुचते. ओट्यावर बांगडा साफ होतो, तव्याच्या कडेला मांदेलीचा तुकडा चिकटलेला राहतो, दुधाच्या पातेल्यावर साय असते. दुसरी, सोबत. दिवसभर माणसं बाहेर, संध्याकाळी येतात ती थेट ओट्यासमोर उभी राहतात, तासभर पाठ करून. मांजरीला तुमचा चेहरा बघायचा असेल तर ओटा हीच जागा. तिसरी, पाणी आणि ऊब. बऱ्याच मांजरांना वाटीतल्या पाण्यापेक्षा नळाची थेंब थेंब धार जास्त आवडते. आणि तीस अंशांच्या खाली मांजराच्या शरीराला ऊब धरून ठेवायला कष्ट पडतात, म्हणून गॅस बंद झाल्यावरची कोमट कडाप्पा तिला गादीसारखी वाटते. पंख्याखाली आपण सुस्कारा टाकतो तेव्हा ती शेगडीमागची जागा शोधत असते.

चौथी कमाई म्हणजे खिडकी, आणि मुंबईच्या घरांत ती कायम नजरेतून सुटते. आपल्या इमारतींमध्ये ओटा बहुतेक खिडकीखाली किंवा खिडकीला लागून असतो, उजेड हवा आणि वाफ बाहेर जायला हवी म्हणून. हॉलच्या खिडकीखाली दिवाण असतो पण तिला जाड पडदे. बेडरूमच्या खिडकीला कपाट टेकलेलं. म्हणजे घरात जिथून बाहेरचं नीट दिसतं अशी उंच, मोकळी जागा एकच उरते: ओटा. त्यात समोरच्या छज्ज्यावर कबुतरं. घरात बंद असलेल्या तरुण मांजरीसाठी याहून मोठं आकर्षण नाही. तुम्ही ओट्यावरून मासळीचा कण न् कण उचललात तरी ती वर जाईल, कारण तिचं लक्ष मासळीवर नव्हतंच. अनेक घरांत लोक महिनोन् महिने अन्न झाकत राहतात, आणि काहीच फरक पडत नाही म्हणून हताश होऊन माझ्याकडे येतात. त्यांच्या घरी कमाई खिडकीत असते.

म्हणून आधी तीन दिवस काहीही बदलू नका, फक्त टिपून ठेवा. फ्रिजवर एक कागद लावा. ती कधी चढली, चढल्यावर पहिल्या मिनिटात तिने काय केलं, नाक कुठे नेलं, तोंड कुणीकडे होतं. सिंककडे गेली, खिडकीकडे गेली, तुमच्या कोपराला डोकं घासलं की तवा चाटला? सकाळी, संध्याकाळी आणि रात्री वेगवेगळं कारण असू शकतं. रात्रीचं दिसत नसेल तर जुना मोबाईल फळीवर व्हिडिओ चालू करून ठेवा. सासूबाई दिवसभर घरी असतात, तर त्यांनाही लिहायला सांगा. हे मी मुद्दाम म्हणते आहे, त्याचं कारण पुढे येईल.

आता कबुतरांचं. खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला दुधी फिल्म लावा. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते, उजेड येतो पण बाहेरचं दिसत नाही. त्याच दिवशी, नंतर नाही, हॉलच्या किंवा बेडरूमच्या खिडकीशी तिला बसायला जागा द्या. ती ओट्याइतकी किंवा थोडी जास्त उंच हवी. ओटा साधारण पावणेतीन फुटांचा असतो. जुनं शिलाई मशीनचं टेबल, बुटकं कपाट, भिंतीत ठोकलेली दीड फूट रुंद फळी, काहीही चालेल, फक्त डुगडुगायला नको. वर गोणपाट किंवा जुनी सतरंजी ताणून बसवा, नखं रुततील अशी. ग्रिलच्या आतून मजबूत जाळी हवीच. कबुतरांसाठी लावतात ती पातळ नायलॉनची जाळी मांजराचं वजन पेलेलच असं नाही, आणि काही मांजरं ती कुरतडतात. चौथ्या मजल्यावरून पडलेली मांजरं मी टेबलावर घेतली आहेत. वाचतात बरीच, पण मोडलेला जबडा, दुखावलेली छाती आणि मोडके पाय घेऊन वाचतात.

खाण्याची कमाई बंद करणं ऐकायला सोपं आहे, पण घरातल्या तिघांनी ती एकाच वेळी बंद करावी लागते. दहा चढायांत एकदा जरी तुकडा मिळाला तरी ती थांबणार नाही, उलट जास्त चिवट होईल. रोज मटका लावणाऱ्या माणसाला रोज आकडा लागत नाही. कधीतरी लागतो, आणि तेवढ्यावर तो रोज जातो. माझ्या माहेरी गिरगावातल्या चाळीत शिंकं होतं. दुधाचं आणि दह्याचं भांडं आजी त्यात टांगायची, आणि आढ्याखाली बोका रोज हजर असायचा, पण वर कधी झेपावला नाही. कारण ते शिंकं त्याच्या आयुष्यात एकदाही तुटलं नव्हतं. आज आपल्याकडे शिंकं नाही, पण झाकणं आहेत, फ्रिज आहे, ओव्हनचं बंद दार आहे. मासळी साफ झाली की खवले आणि आतडी त्याच मिनिटाला पिशवीत गाठ मारून झाकणाच्या डब्यात. खरकटी भांडी सिंकमध्ये रात्रभर नकोत. निदान विसळून पालथी ठेवा.

जोडीला तिचं पोट बघा. मांजर मुळात छोटे छोटे घास दिवसभरात अनेकदा खाणारा प्राणी आहे. एका उंदरातून त्याला साधारण ३० कॅलरी मिळतात, आणि चार किलोच्या, नसबंदी झालेल्या घरातल्या मांजराची गरज दिवसाला २०० ते २५० कॅलरींची. म्हणजे सात-आठ उंदीर, ते एका बैठकीत नव्हेत. आपण त्याला सकाळी एक वाटी आणि रात्री एक वाटी देतो. मधल्या बारा तासांत त्याला ओटा आठवला तर नवल नाही. आहे तेवढंच खाणं चार-पाच वेळांत वाटा. वाढवू नका, नसबंदी झालेल्या मांजरी पटकन जाड होतात. त्यातली एक वेळ तुमची फोडणी पडायच्या पाच मिनिटं आधीची, आणि एक अगदी झोपायच्या आधीची.

सोबतीसाठी मी जो उपाय सांगते तो सगळ्यात जास्त चालतो, म्हणून तो नीट लिहिते. स्वयंपाकघराच्या दाराशी किंवा आत, ओट्यापासून तीन-चार फुटांवर, एक उंच स्टूल ठेवा. त्यावर ओळखीचं फडकं टाका. हे तिचं स्टूल. पहिले दोन-तीन दिवस स्वयंपाक नसताना फक्त एवढंच करा: स्टुलावर दाणा ठेवला, ती चढली, दाणा खाल्ला, दुसरा दिला. ती बसलेली असतानाच दुसरा द्यायचा, उतरल्यावर नाही. एक-दोन सेकंदांपेक्षा उशीर झाला की कशाबद्दल मिळालं ते तिला कळत नाही. मग तुम्ही ओट्याशी उभ्या राहा, काही न शिजवता, आणि मागे वळून तिला दाणा द्या. मग चहा करताना. मग पोळ्या करताना, दर पोळीला एक दाणा. हळूहळू दर तीन पोळ्यांना एक. मासळीचा दिवस सगळ्यात शेवटी. दाणे तिच्या रोजच्या खाण्यातूनच बाजूला काढायचे. मधेच ती ओट्यावर आलीच, तर ओरडायचं नाही, नजर द्यायची नाही, नाव घ्यायचं नाही. दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवायचं आणि ती स्वतःहून स्टुलावर गेली की लगेच दाणा. रागावणं हीसुद्धा तिच्यासाठी सोबतच असते. तासभर पाठ करून उभं असलेलं माणूस अखेर वळलं, एवढंच तिला कळतं.

आणि आता आठवडाभर सांभाळायचं ते. कमाई बंद झाली की पहिले काही दिवस ती आधीपेक्षा जास्त चढेल. लिफ्ट आली नाही तर आपण बटण सोडून देतो का? आधी चार वेळा दाबतो, जरा जोरात दाबतो, मग जिन्याने जातो. तुमची मांजरी बटण दाबत असेल तेव्हा घरात कुणीतरी म्हणेल की बघ, उपाय उलटा पडला. त्या क्षणी ज्याने तुकडा दिला त्याने तिला शिकवलं की जोरात दाबलं की लिफ्ट येते. हा एक आठवडा तिघांनी मिळून पार पाडा.

पिचकारी मात्र आजच अडगळीत टाका. तिने मांजरी शिकली, पण भलतंच शिकली: यजमान समोर असले की ओल होते. म्हणून ती त्यांना टाळते आणि त्यांच्या पाठीमागे चढते. ओट्याबद्दल तिचं मत बदललंच नाही, यजमानांबद्दल बदललं. घाबरवण्यासाठी कडेला भांडी रचून ठेवणं हे त्यातलंच, आणि शेगडीजवळ ते धोक्याचंही आहे. ओट्याच्या काठावर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप किंवा अॅल्युमिनियम फॉइल काही मांजरांना खपत नाही. दोन आठवड्यांची मदत म्हणून चालेल, गॅसपासून लांब. लिंबाच्या साली ठेवायला लोक सांगतात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मांजरांना त्याचं काही वाटत नाही.

रात्रीसाठी स्वयंपाकघराला दार असेल तर ते लावा, प्रश्न मिटला. आजकालच्या बऱ्याच फ्लॅटांत ते नसतं. मग झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं दोरीला बांधलेल्या पिसाशी तिला चांगलं पळवा, शेवटी एकदा-दोनदा पकडू द्या, आणि लगेच दिवसाचं शेवटचं खाणं. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप, हा त्यांचा ठरलेला क्रम आहे. आपण पहिलं पाऊल टाकून द्यायचं. खेळ झाल्यावर पीस उचलून कपाटात ठेवा. हे सगळं करूनही ती रात्री एखादी चक्कर मारेल. सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी ओटा पुसायचा, हे मी माझ्या स्वतःच्या घरीही करते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

सासूबाईंबद्दल. त्यांची हरकत खरी आहे, आणि तिला फक्त ‘जुने विचार’ म्हणून बाजूला सारलंत तर घरात मांजरीची बाजू कायमची हरेल. मांजर लिटर ट्रेमध्ये, म्हणजे शी-शूसाठी खडे भरून ठेवलेल्या ट्रेमध्ये, उकरतं आणि त्याच पायांनी फिरतं, हे त्या बरोबरच म्हणतात. ट्रे दिवसातून दोनदा साफ करा आणि ती स्वयंपाकघरापासून शक्य तितकी लांब ठेवा. बाहेर पडतानाच्या जागी एक खरखरीत पायपुसणं टाका, पायाला चिकटलेले खडे तिथे झडतात. नैवेद्याच्या वेळी मांजरी बेडरूममध्ये, दार बंद, आणि आत तिचं खाणं. रोज त्याच वेळी झालं की पंधरा दिवसांत ती स्वतःच आधी जाऊन बसेल. आणि ते खाणं सासूबाईंच्या हातून जाऊ द्या. मी अनेक घरांत बघितलंय, मांजराशी सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाच्या मागेच ते जास्त फिरतं, कारण मासळी त्याच्या हातात असते. टिपण त्यांना करायला सांगा असं म्हटलं ते याचसाठी. तीन दिवस लक्ष देऊन बघितलं की माणसाला मांजराचं कारण दिसायला लागतं, आणि कारण दिसलं की राग थोडा उतरतो. हा औषधाचा भाग नाही, पण या उपायात तो मला औषधाइतकाच लागतो.

बाळाचा विचार आहे म्हणून टॉक्सोप्लाझ्मा या, पोटातल्या बाळाला इजा करू शकणाऱ्या जंतूबद्दल स्पष्ट लिहिते, कारण याच्या भीतीने मुंबईत दरवर्षी कितीतरी मांजरं रस्त्यावर येतात. मांजराला हा संसर्ग बहुधा कच्चं मांस किंवा उंदीर खाऊन होतो. पहिल्या संसर्गात साधारण एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून जंतूची अंडी पडतात, त्यानंतर सहसा नाही. पडलेली अंडीही लगेच रोग देत नाहीत, त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून रोज साफ केलेली ट्रे सुरक्षित, चार दिवस राहिलेली नाही. घराबाहेर न जाणाऱ्या आणि शिजवलेलं किंवा डब्यातलं खाणाऱ्या मांजरीकडून धोका फार कमी. माणसाला हा संसर्ग अर्धकच्च्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतून होण्याची शक्यता जास्त. तरीही गरोदरपणात ट्रेचं काम यजमानांकडे द्या, मांजरीला कच्चं मांस देऊ नका, आणि तुम्हाला हा संसर्ग आधी होऊन गेला आहे का, ते रक्ताच्या तपासणीत बघायचं का, हे तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

सवय जुनी असेल तर वरचं सगळं लागू पडतं. पण कधीही न चढणारं मांजर अचानक ओट्यावर अन्न शोधायला लागलं, किंवा नळाशी ठिय्या देऊन बसायला लागलं, तर ते आधी दवाखान्यात न्यावं. जंत, मधुमेह, म्हाताऱ्या मांजरांत वाढलेला थायरॉइड, मूत्रपिंडाचा आजार, यांत भूक किंवा तहान अशीच वाढते. वजन घटत असताना भूक वाढणं ही तर धोक्याची घंटा. तुमची मांजरी दोनच वर्षांची आहे आणि दोन वर्षं चढतेच आहे, म्हणून मला ही शंका कमी वाटते. जंतनाशकाचा डोस कधी झाला तेवढं बघून घ्या.

हे सगळं जमायला सहा-आठ आठवडे जातील, आणि तेवढे दिवस ती ओट्यावर येणारच आहे. तोपर्यंत तिला तिथे इजा होऊ नये, याची मला सवयीपेक्षा जास्त काळजी आहे.

ओटा फिनेलने पुसत असाल तर थांबवा, काळं असो की पाण्यात दुधासारखं होणारं पांढरं. फिनॉलसारखी द्रव्यं पचवून बाहेर टाकायची जी यंत्रणा माणसाच्या यकृतात असते ती मांजराच्या यकृतात फार दुबळी आहे. ती ओल्या ओट्यावर चालते, नंतर पंजे चाटते, आणि विष पोटात जातं. भांड्यांचा साबण आणि पाणी, मग साध्या पाण्याचं फडकं, एवढं पुरतं. झुरळांच्या खडूच्या रेघाही ओट्यावर नकोत.

कांदा-लसूण तिच्यासाठी विष आहे, शिजलेलासुद्धा. त्यात तिच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तपकिरी होते, आणि हे दोन-चार दिवसांनी दिसतं म्हणून कुणी कालवणाशी त्याचा संबंध जोडत नाही. प्रेमाने घातलेला कालवणाचा भात बंद. मासा द्यायचा तर मीठ-मसाल्याशिवाय उकडलेला, काटे काढून.

फुलांच्या पुडीचा दोरा. हा तुमच्याकडे रोज ओट्यावर किंवा देवाजवळ सुटतो. मांजराच्या जिभेवरचे काटे आत वळलेले असतात, दोरा एकदा तोंडात गेला की तिला थुंकता येत नाही. एक टोक जिभेखाली अडकतं, बाकीचा दोरा आतड्यांत जातो आणि आतडी चुणीसारखी गोळा होतात. गणपतीच्या दिवसांत अशी एक तरी शस्त्रक्रिया मला करावी लागते. दोरा लगेच गुंडाळून डब्यात टाका. तिच्या तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जातं. तशीच घेऊन या.

तवा उतरवला की गरम बर्नरवर पाण्याचं भांडं ठेवून द्या, म्हणजे पंजा पडायला जागा राहत नाही. तरी पंजा भाजलाच तर दहा-पंधरा मिनिटं नळाच्या साध्या पाण्याखाली धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही नको. हळद लावून आणलेला पंजा साफ करताना त्या जिवाला पुन्हा तेवढ्याच वेदना होतात. नंतर दवाखान्यात.

शेवटचं शेगडीचं. इंडक्शन असेल तर त्याच्या स्पर्शाच्या बटणांना पंजाही चालतो. दक्षिण कोरियात सोलच्या अग्निशमन खात्याने जानेवारी २०१९ ते नोव्हेंबर २०२१ या काळात मांजरांमुळे लागलेल्या १०७ आगी मोजल्या होत्या, आणि त्यांना प्रामुख्याने संशय होता तो विजेच्या शेगड्या चालू करणाऱ्या पंजांवर. म्हणून प्लग काढून ठेवायचा. गॅसची शेगडी असेल तर नुसती बटणं बंद करून भागत नाही. चढताना, अंग घासताना सैल बटण फिरू शकतं. पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरचा कॉक आणि सिलिंडर असेल तर रेग्युलेटर, दर वेळी स्वयंपाक संपल्यावर बंद. टिपण, स्टूल, दुधी फिल्म हे सगळं तुम्ही रविवारपासून सुरू केलंत तरी चालेल. कॉक मात्र आज रात्रीपासून.